पुडी दुधात घालायची नाही

आमच्या घरात पाण्याला किंमत नव्हती. म्हणजे नळ आला नाही तर आरडाओरडा व्हायचा, म्हशींना पाणी कमी पडलं तर त्याहून मोठा व्हायचा, पण पिण्याची वस्तू म्हणून पाणी कुणी जमेस धरत नसे. पिण्याची वस्तू म्हणजे दूध. माझे सासरे, ज्यांना माझ्यासकट सगळी गल्ली आबा म्हणते, तरुणपणी तालमीत लढलेले. दोन्ही कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच, आणि घरामागच्या गोठ्यात दोन म्हशी. संध्याकाळ झाली की म्हशी घेऊन ते गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास त्याच्या हातात देतात. कुणाला ताप आला, दूध. कुणाची परीक्षा आली, दूध. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा आबा एसटीनं गडहिंग्लजला आले ते मांडीवर दुधाची चरवी धरून, आणि माझी आई पाण्याचा तांब्या पुढं घेऊन आली तर म्हणाले, "पाण्यात काय ताकद असती?"

आबांच्या कुस्तीच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. त्या सगळ्या गोष्टींत आबा एकदाही हरलेले नाहीत. कधी समोरच्याच्या अंगाला तेल होतं, कधी माती ओली होती, कधी पंचाला नीट दिसत नव्हतं. एवढी वर्षं लढून एकही कुस्ती न हरलेला माणूस कोल्हापुरात हा एकटाच असावा, असं मी नवऱ्याला म्हणायची. तो हसायचा, पण आबांच्या समोर नाही.

माझी लेक दीड वर्षाची झाली त्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. सकाळी दोनदा झालं तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. दुपारपर्यंत नुसतं पाणी जायला लागलं, तेव्हा घर हललं.

लेकराला जुलाब लागले की आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई डॉक्टर होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, दात येतायत, होणारच. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पाणी बंद करा, वरून घालायचं थांबवलं की खालून यायचं थांबतंय. एकीनं जायफळ उगाळून आणलं, एकीनं डाळिंबाची साल वाळवलेली पुडीत बांधून दिली. कुणीतरी असंही म्हणालं की आई नोकरीला जाते ना, मग लेकराचं असंच होणार. मी शाळेत शिकवते. मी त्या बाईंना विचारलं, तुमच्या घरात नोकरी न करता किती पोरांना जुलाब लागले ते सांगा. सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, कुणाशीच वाद घातला नाही. मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आता डॉक्टरकडं न्यायची." दोन्ही कामं त्यांच्या लेखी एकाच यादीतली.

यातलं अर्धं चुकीचं आहे हे मला माहीत होतं. तरीही उन्हातान्हात साल घेऊन धावत आलेल्या बाईवर रागावता येत नाही. गल्लीतल्या एका लेकराचं पोट बिघडलं की सोळा चुली थंडावतात, हे मी माझ्या शहाण्या मैत्रिणींच्या सोसायटीत पाहिलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला लहान मुलांचे डॉक्टर बसतात. बोलायला तुटक, पण हात हलका. त्यांनी तपासलं, जुलाबात देतात त्या क्षार-साखरेच्या पुड्या दिल्या, झिंकच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात अख्खी पुडी. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. निदान मला तरी वाटलं की सगळं सांगितलं. पहिली पुडी मी स्वतः भिजवली. रात्र जागून काढली. सकाळी नवरा शिरोलीला कामावर गेला, फौंड्रीत फोन आत नेता येत नाही. आणि मी बसल्या जागी पेंगायला लागले, तेव्हा आबा म्हणाले, "पड जरा. पुडीचं मी बगतो." मी आडवी झाले.

मला जाग आली ती आत्यांच्या आवाजानं. त्या लेकीला घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"ऊठ. ही रडायलीया, पण डोळ्यात पाणी न्हाय."

मी लेकीकडं बघितलं. तोंड उघडं, आवाज बारीक, डोळे आत गेलेले, आणि खरंच, गालावर एक टिपूस नाही. मान आत्यांच्या खांद्यावर टाकलेली. मी झोपले तेव्हा ही पोरगी माझे केस ओढत होती. एवढ्या थोड्या वेळात असं काय झालं मला कळेना. आत्या म्हणाल्या, पाजलेलं सगळं ओकून पडलं आणि खालून तर धारच लागली. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पुडीचा रिकामा कागद होता आणि शेजारी चरवी. चरवीत दूध होतं.

आबांनी पुडी दुधात घातली होती.

आमचं दूधवाल्यांचं घर, लिटरचं माप घरात असणारच. आबांनी ते नीट घासून घेतलं होतं. सकाळच्या धारेचं दूध उकळलं होतं, गार केलं होतं, मापानं मोजून एक लिटर घेतलं होतं आणि त्यात अख्खी पुडी ढवळली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तंतोतंत, फक्त पाण्याच्या जागी दूध. त्यांच्या हिशेबात ही चूक नव्हतीच, सुधारणा होती. पाण्यातनं दिलं तर नुसतं औषध, दुधातनं दिलं तर औषध आणि खुराक दोन्ही. पोरगी वाळलीय, तिला पाणी पाजून काय होणार? आणि चमच्यानं कुठं पोट भरतं, म्हणून पेल्यानं पाजलं होतं. गोडसर लागलं म्हणून ती गटागटा प्याली होती. त्यांना आनंद झाला होता.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असणार. आमच्या घरात आबांसमोर आवाज कुणी चढवत नाही. नवराही नाही. आबा भिंतीला टेकून उभे होते, हातात तो पेला. एकदाच म्हणाले, "माप बरोबर हुतं की."

त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आबांनाही वाटत नाही, हे मला नंतर कळलं.

लेकीला पोटाशी धरून मी दवाखान्यात पळाले. मागून आत्या, आणि त्यांच्या मागून आबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी आधीच्या पेशंटला थांबवून लेकीला टेबलावर घेतलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली, अंगातलं पाणी आटलं की बसते तशी. मग त्यांनी चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं. ती पुढं झुकून प्याली.

"पिते आहे," ते म्हणाले. "हे चांगलं आहे. काय काय दिलंत?"

मी तोंड उघडायच्या आत आबांनी सांगितलं. दूध, पुडी, पेला, सगळं. एक शब्द गाळला नाही.

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर चिडावेत अशी इच्छाही होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आबा, दुधात त्याचं स्वतःचं मीठ-साखर असतंय. त्यावर पुडी पडली की ते फार जड होतंय. मग पोट अंगातलंच पाणी ओढून घेतंय आणि बाहेर टाकतंय."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग सलाईन लावा की. जरा ताकद येऊ द्या."

"सलाईनमध्ये काय असतंय, आबा?"

आबांनी डॉक्टरांकडं बघितलं.

"पाणी असतंय. मीठ घातलेलं पाणी."

आबा त्या टेबलाकडं बघत राहिले. सबंध आयुष्य उभं करून ठेवलेलं एक शास्त्र दोन वाक्यांत खाली आलं होतं, आणि या वेळी मातीही ओली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "ती तोंडानं पितीय तोवर सुईची घाई नको. इथंच व्हरांड्यात बसा, माझ्या डोळ्यांसमोर. नवी पुडी पाण्यात करून देतो. एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. ओकली तर थोडं जास्त थांबायचं आणि परत चालू. दुपार कलायच्या आत लघवी झाली तर घरी न्या. नाही झाली, किंवा प्यायचीच थांबली, तर मी मोठ्या दवाखान्यात पाठवणार." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ते डायपर काढा आधी. त्यात जुलाब कुठला आणि लघवी कुठली, कसं कळणार?"

शेवटची लघवी केव्हा झाली होती हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

व्हरांड्यात मी बाकावर बसले आणि चमचा हातात घेतला. अर्धं तिच्या मानेवर सांडत होतं. ती पिते आहे हे दिसल्यावर मला घाई झाली, एकामागून एक देत गेले, आणि तिनं सगळं माझ्या अंगावर ओकून टाकलं. आबा समोर उभे होते. म्हणाले, "आण हिकडं."

मी दिली नाही. मान दुसरीकडं फिरवली. तेव्हा आत्या बोलल्या. त्या बाईनं नवऱ्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध चार माणसांत बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"दे त्येंच्याकडं. त्येस्नी थांबाय येतंय."

मला क्षणभर त्यांचाही राग आला. मग कळलं त्या काय म्हणतायत. म्हैस पान्हा सोडते ती तिच्या मर्जीनं. ओढून दूध निघत नाही, मारून तर मुळीच नाही. आबा रोज दोन वेळा म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून उकिडवे बसतात आणि वाट बघतात. कट्ट्यावर गिऱ्हाईक ताटकळलं तरी ते सड ओढत नाहीत. मी लेकीला त्यांच्याकडं दिलं.

त्यांनी बाक नाकारला. फरशीवर मांडी घातली, नीळ घातलेलं पांढरं धोतर पसरलं आणि त्या मांडीत तिला उघडीच निजवली. मान दंडावर जरा उंच. वाटीतलं पाणी आधी स्वतः चाखलं.

"आसवागत लागतंय," ते म्हणाले.

"तसंच लागायला पाहिजे," आतून डॉक्टर म्हणाले.

मग सुरू झालं. आबांच्या त्या पंजात चमचा काडीसारखा दिसत होता. एक चमचा. मग थांबायचं. ते थांबायचे म्हणजे खरोखर थांबायचे. हलायचे नाहीत, मोबाइल नाही, इकडंतिकडं बघणं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडं. मग दुसरा. तिनं मान फिरवली की चमचा तिथंच हवेत राहायचा, थेंब न सांडता, ती परत वळेपर्यंत. जबरदस्ती एकदाही केली नाही. एकदा ती परत ओकली. आबांनी उपरण्यानं तिचं तोंड पुसलं, मानेखालचं पुसलं, बराच वेळ नुसते बसून राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "चल पैलवान, परत." ते तिला पैलवानच म्हणतात.

उन्ह व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरलं. माणसं येत होती, जात होती. तालमीतल्या एकानं ओळखलं, "आबा, तुमी हितं?" आबांनी वर बघितलं नाही. गडमुडशिंगीची एक बाई तान्ह्याला घेऊन शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "काय झालंय ओ पोरीला?"

जुलाब लागलेत, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. खरंही होतं ते.

"मी दुधात पुडी घातलती," आबा म्हणाले. "तुमी घालू नका."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं बघितलं. एकही कुस्ती न हरलेल्या त्या माणसाच्या तोंडात तेल नव्हतं, माती नव्हती, पंच नव्हता. सकाळपासून माझ्या डोक्यात जो राग भणभणत होता, तो त्या एका वाक्यानं खाली बसला. पुरता गेला नाही. पण मी उठले आणि आबांच्या पाठीमागं जाऊन बसले, त्यांना टेकायला व्हावं म्हणून. ते टेकले नाहीत, पण मी तिथंच बसून राहिले.

आधी तिचे ओठ ओले दिसायला लागले. मग एकदा चमचा यायला उशीर झाला तर ती चिडून रडली, आणि आत्या खाली वाकून म्हणाल्या, "बग, बग, डोळं भरलं." मग तिनं चमचाच धरला आणि सोडेना. आबा तिच्याशी जराही ओढाओढ न करता तसेच बसले. आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. एवढा वेळ पुतळा होऊन बसलेला माणूस. त्यांनी मांडीकडं बघितलं. धोतरावर मध्यभागी एक ओला डाग पसरत होता, पसरतच होता.

"भिजलो!" आबा ओरडले. "डॉक्टर! भिजलो मी! आरं, भिजलो की!"

दवाखान्यातली झोपलेली पोरं उठून रडायला लागली. डॉक्टर कानात नळ्या घेऊनच बाहेर आले, खाली बसले, धोतराला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "लघवीच आहे." मग ते हसले. मी हसले नाही. मी तिथं पायरीवर बसून मोठ्यानं रडले, आणि गडमुडशिंगीच्या त्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतरचे दिवस कौतुकाचे नव्हते, कामाचे होते. जुलाब एकदम थांबले नाहीत, थांबत थांबत थांबले. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून रोज, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, जुलाब थांबल्यावरसुद्धा. ते काम आत्यांनी घेतलं आणि एक दिवस चुकू दिला नाही. मऊ भात, ताक, माझ्या आईनं फोनवर सांगितलेली मीठ घालून तांदळाची पेज. आत्या सगळे कपडे वेगळे उकळून धूत आणि गोठ्याच्या दारात साबण जाळीच्या पिशवीत घालून टांगून ठेवत. तिथून हात न धुता घरात यायची कुणाची टाप नव्हती. आबांचीही नाही. ते सरळ साबणाशी जायचे. नवऱ्यानं एकदा तसाच उंबरा ओलांडला तर आबांनीच त्याला मागं फिरवला.

ते धोतर मात्र आबांनी त्या दिवशी बदललं नाही. आत्या मागं लागल्या होत्या. संध्याकाळी म्हशी सोडून, तोच डाग घेऊन ते कट्ट्यावर गेले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही, मी लेकीजवळ होते.

पण पुढं एकदा मी स्वतः ऐकलं. पाऊसकाळ सरला होता, मी लेकीला घेऊन कट्ट्यावर गेले होते. आबांचे जुने सोबती, तालमीतले, ज्यांच्यापुढं त्या सगळ्या न हरलेल्या कुस्त्या सांगून झाल्यात, ग्लास घेऊन उभे होते. कोडोलीचा एक तरुण मोटरसायकलवरून आला. शर्टाच्या खिशातून पुडीचा कोपरा दिसत होता.

"अर्धा लिटर द्या, काका. जरा घट्ट बगून. पोरग्याला जुलाब लागल्यात, पुडी भिजवायची हाय."

आबांनी मापावर हात ठेवला.

"पावणं, तुमास्नी दूध मिळायचं न्हाय."

तरुण भांबावला, मग जरा तापला. "का? पैसं देतोय की."

आबा उठले. खालच्या आवाजात बोलणं त्यांना जमत नाही, आणि त्या दिवशी त्यांनी प्रयत्नही केला नाही. "ती पुडी पाण्यात घालायची. लिटरभर पाणी, उकळून गार केल्यालं. चमच्यानं पाजायचं, पेल्यानं न्हाय. मी दुधात घातलती. ह्या हातानं. माझी नात मी मरणाच्या दारात न्हेलती."

जुने सोबती खाली बघायला लागले. आबा कुणाकडं बघत नव्हते, फक्त त्या पोराच्या बापाकडं.

त्याचा चेहरा उतरला होता. खिशातल्या पुडीवर हात ठेवून त्यानं भीत भीत विचारलं, "मग... नात?"

आबांनी मागं वळून बोट दाखवलं.

"ती काय. म्हशीची शेपटी वडायलीया."